सर्व्हरवरून सर्व्हरकडे: आलेली विनंती कोडमधून पुढे पाठवण्याची रीत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचे लहानसे कार्यालय आहे आणि आमचे बहुतेक ग्राहक वाशीच्या एपीएमसी बाजारातले गाळेधारक आहेत. त्यांची आवक, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या आणि उधारी सांभाळणारी आमची जुनी प्रणाली जावामध्ये लिहिलेली होती व कार्यालयातल्याच एका खोलीतील सर्व्हरवर चालत होती. नवी प्रणाली नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) लिहून महापे येथील एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर उभी करायची होती, परंतु एपीएमसीच्या पाचही बाजारांचे काम एका रात्रीत हलवणे शक्य नव्हते. म्हणून असे ठरले की प्रत्येक विनंती आधी महाप्याच्या सर्व्हरवर यावी, जे भाग नव्याने लिहून झाले आहेत त्यांची उत्तरे त्याने स्वतः द्यावीत, आणि बाकीच्या विनंत्या वागळे इस्टेटच्या सर्व्हरकडे पाठवून तिकडून आलेले उत्तर जसेच्या तसे ब्राउझरच्या हाती ठेवावे. या लेखात ब्राउझरशी बोलणाऱ्या सर्व्हरला ‘पुढचा’ आणि ज्याच्याकडे विनंती जाते त्याला ‘मागचा’ म्हटले आहे.

पहिल्या दिवशी हे काम दहा ओळींत झाले. पुढचे दोन महिने त्या दहा ओळींत काय राहून गेले होते ते शोधण्यात गेले, आणि हा लेख मुख्यतः त्या राहून गेलेल्या गोष्टींविषयी आहे.

आधी नावांचा घोळ

‘विनंती पुढे पाठवणे’ या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन वेगळी कामे येतात. पहिले काम रीडायरेक्टचे. त्यात सर्व्हर विनंती कोठेही पाठवत नाही. तो ब्राउझरला फक्त नवा पत्ता सांगतो आणि ब्राउझर स्वतः तिकडे जातो. पत्त्याच्या पट्टीत नवे नाव दिसते आणि मागचा सर्व्हर इंटरनेटवर सर्वांसाठी उघडा असावा लागतो. शिवाय पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) विनंतीला ३०१ किंवा ३०२ या रीडायरेक्टच्या क्रमांकांनी उत्तर दिले, तर ब्राउझर पुढची विनंती बहुधा गेट (फक्त माहिती मागणाऱ्या) पद्धतीने करतात आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर वाटेतच गळतो. पद्धत व मजकूर कायम राहायला हवा असेल तर ३०७ किंवा ३०८ वापरावे लागते. दुसरे काम अंतर्गत हस्तांतराचे. जावा सर्व्लेटमधील रिक्वेस्ट डिस्पॅचरचे ‘फॉरवर्ड’ आणि जुन्या एएसपी डॉट नेटमधील ‘सर्व्हर ट्रान्सफर’ ही त्याची उदाहरणे होत. त्यात विनंती त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या पानाकडे जाते, आणि दुसऱ्या यंत्राचा पूर्ण पत्ता तेथे लिहून काहीही साध्य होत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने नेमके हेच करण्यात अर्धा दिवस घालवला होता. दोष त्याचा नव्हे, त्या नावाचा आहे.

तिसरे काम प्रॉक्सीचे, आणि आपल्याला हवे आहे ते हेच. यात आपला कोड स्वतः ग्राहक होऊन मागच्या सर्व्हरकडे नवी विनंती करतो आणि मिळालेले उत्तर मूळ ग्राहकाला देतो. म्हणजे विनंत्या दोन असतात, जोडण्याही दोन असतात, आणि आपण दोन्हींच्या मध्ये अडत्यासारखे उभे असतो. अडत्याने मालाच्या गोणीवरची खूण बदलली तर शेतकरी आणि खरेदीदार दोघेही फसतात. इथेही बहुतेक चुका मालाच्या नसून खुणांच्या असतात.

कोड लिहिण्याची गरज आहे का, हेही आधी तपासावे. केवळ मार्ग पाहून विनंती वाटायची असेल, तर एनजिनएक्स, अपाची किंवा एचएप्रॉक्सी ही तयार सर्व्हर-सॉफ्टवेअर हे काम आपल्या कोडपेक्षा चांगले करतात. एनजिनएक्समध्ये ‘प्रॉक्सी पास’च्या ओळीत पत्त्यानंतर तिरकी रेघ दिली तर लोकेशनशी (नियमात दिलेल्या मार्गाशी) जुळलेला भाग वगळून उरलेला मार्ग पुढे जातो, आणि पत्त्यानंतर काहीच दिले नाही तर संपूर्ण मार्ग जसाच्या तसा जातो, एवढे लक्षात ठेवले की अर्ध्या अडचणी संपतात. आमचा निर्णय मात्र गाळ्यानुसार होता: या व्यापाऱ्याचा हिशोब नव्या डेटाबेसमध्ये आला आहे की नाही, हे लॉगिनवरूनच कळत असे. असा निर्णय, किंवा एखादी गुप्त की ब्राउझरला न दाखवता विनंतीला जोडण्याचे काम, कोडमध्येच करावे लागते. कोडमध्येही चाक नव्याने घडवण्याची आवश्यकता नाही. गो भाषेच्या मूळ लायब्ररीत रिव्हर्स प्रॉक्सी आहे, डॉट नेटसाठी मायक्रोसॉफ्टचे यार्प आहे, नोडसाठी एचटीटीपी-प्रॉक्सी-मिडलवेअर आहे. ही साधने खुशाल वापरावीत. परंतु ती काय काय करतात आणि काय आपल्यावर सोपवतात, हे माहीत नसेल तर बिघाड झाल्यावर कोठे पाहायचे तेच कळत नाही.

पत्ता

मागच्या सर्व्हरचा पत्ता सेटिंगमध्ये कायमचा लिहिलेला असावा. तो विनंतीतून कधीही घेऊ नये. ‘ज्या पत्त्याची माहिती हवी तो क्वेरीत (पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरच्या भागात) द्या, सर्व्हर आणून देईल’ अशी सोय म्हणजे परक्या माणसाला आपल्या आतल्या जाळ्यात फिरण्याचा परवाना होय. अनेक क्लाउड सेवांमध्ये १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर त्या यंत्राची अंतर्गत माहिती मिळते आणि तीत कधी कधी तात्पुरत्या प्रवेश-किल्ल्याही असतात. बाहेरून हा पत्ता गाठता येत नाही, पण आपल्या सर्व्हरला गाठता येतो. या प्रकारच्या हल्ल्याला ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या २०२१ च्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत दहावे स्थान मिळाले होते.

पत्ता ठरलेला असूनही मार्ग जोडताना फसगत होते. नोडमध्ये मूळ पत्ता आणि मार्ग यांपासून यूआरएल बनवताना मार्गाची सुरुवात दोन तिरक्या रेघांनी झाली, तर त्यापुढचा मजकूर मार्ग न मानता यंत्राचे नाव मानला जातो आणि आपली विनंती भलत्याच सर्व्हरकडे निघते. उलट नुसती अक्षरे चिकटवली आणि मार्ग तिरक्या रेघेने सुरू होत नसेल, तर तो यंत्राच्या नावालाच शेपटासारखा जोडला जातो. यासाठी यूआरएल तयार झाल्यावर त्यातील यंत्राचे नाव आणि पोर्ट अपेक्षित तेच आहेत ना, हे तपासणारी एक ओळ लिहावी व तसे नसल्यास ४०० (चुकीची विनंती) देऊन थांबावे.

क्वेरीचा भाग उकलून पुन्हा बांधू नये, आला तसा पुढे द्यावा. मराठी मजकुराच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे ‘कांदा’ या शब्दाची पाच चिन्हे पत्त्यात पंचेचाळीस अक्षरे व्यापतात. हा मजकूर दुसऱ्यांदा बांधला गेला की प्रत्येक टक्क्याचे चिन्ह स्वतःच ‘%२५’ होते आणि मागचा सर्व्हर ‘या नावाचा माल नाही’ असे सांगतो. इंग्रजी नावांनी चाचणी घेतली तर हा दोष बहुधा दिसत नाही.

आणखी एक सापळा नावांच्या नोंदणीचा आहे. ज्या दिवशी सार्वजनिक नाव नव्या सर्व्हरकडे वळवले जाते, त्या दिवसापासून कोडमध्ये तेच नाव लिहिलेले असेल तर सर्व्हर स्वतःलाच विनंत्या पाठवू लागतो. मागच्या सर्व्हरला वेगळे अंतर्गत नाव द्यावे. विनंतीला ‘व्हाया’ हेडर (मजकुराआधी जाणारी माहितीची ओळ) जोडण्याची प्रथा पाळली तर असे चक्र ओळखताही येते.

मजकूर

पद्धत आली तीच ठेवावी. मजकूर मात्र सगळा स्मृतीत गोळा न करता जसजसा येईल तसतसा पुढे वाहू द्यावा. वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो एकाच वेळी शंभर जण चढवू लागले की याचे महत्त्व कळते. नोडच्या फेच या विनंती पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये असा वाहता मजकूर देताना ‘डुप्लेक्स’ हा पर्याय ‘हाफ’ असा द्यावा लागतो, अन्यथा ते त्रुटी देते.

एक्सप्रेस ही नोडची चौकट वापरणाऱ्यांची हमखास होणारी चूक अशी: जेसन (माहिती मांडण्याचा एक नमुना) वाचणारे मिडलवेअर, म्हणजे विनंती वाटेत हाताळणारा कोड, सर्वांत वर लावलेले असते, ते मजकूर आधीच वाचून टाकते, आणि प्रॉक्सीच्या हाती रिकामा प्रवाह येतो. ‘कंटेंट-लेंग्थ’ हेडर मात्र ‘पाचशे बाइट येत आहेत’ असे सांगत पुढे जाते. मागचा सर्व्हर त्या पाचशे बाइटांची वाट पाहत बसतो आणि शेवटी मुदत संपते. गेट विनंत्या सुरळीत, पोस्ट मात्र लटकलेल्या, असे चित्र दिसले की प्रथम हेच पाहावे. प्रॉक्सीचे मार्ग मजकूर वाचणाऱ्या मिडलवेअरच्या आधी लिहावेत, एवढाच उपाय आहे. आपल्या पुढे एनजिनएक्स असेल तर त्याची मजकुराची मर्यादा मुळात १ एमबी असते आणि त्याहून मोठ्या फोटोला ते परस्पर ४१३ (मजकूर फार मोठा) देते, हेही ध्यानात असावे.

हेडर

येथे सर्वाधिक काळजी लागते, कारण सगळी हेडरे जशीच्या तशी पाठवणे चुकीचे आहे आणि सगळी गाळणेही चुकीचे आहे.

काही हेडरे केवळ एका जोडणीपुरती असतात: कनेक्शन, कीप-अलाइव्ह, टीई, ट्रेलर, ट्रान्सफर-एन्कोडिंग, अपग्रेड आणि प्रॉक्सीच्या ओळखीची दोन. ब्राउझर आणि पुढचा सर्व्हर यांच्यातला हा खासगी करार असतो. मागच्या सर्व्हरशी त्याचा संबंध नाही. ही हेडरे गाळावीत, आणि ‘कनेक्शन’मध्ये आणखी कोणत्या हेडरांची नावे दिली असतील तर तीही गाळावीत. हाच नियम परतीच्या उत्तरालाही लागू आहे. मजकुराची लांबी सांगणारी दोन हेडरे, म्हणजे कंटेंट-लेंग्थ आणि ट्रान्सफर-एन्कोडिंग, एकाच विनंतीत आली तर पुढचा सर्व्हर एक मानतो आणि मागचा दुसरे, आणि त्या फटीतून एका विनंतीच्या पोटात दुसरी विनंती लपवून नेता येते. हा हल्ला २००५ पासून ज्ञात आहे. अशी विनंती सुधारत बसण्यापेक्षा नाकारणे शहाणपणाचे आहे.

‘होस्ट’चा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. मागचा सर्व्हर होस्टवरून संकेतस्थळ निवडत असेल, तर त्याला त्याचेच नाव दिले पाहिजे. तो होस्टवरून दुवे बनवत असेल, तर मूळ नाव दिले पाहिजे. आम्ही होस्टमध्ये मागचे नाव ठेवले आणि मूळ नाव ‘एक्स-फॉरवर्डेड-होस्ट’मध्ये दिले, मूळ विनंती एचटीटीपीएसवर आली होती हे ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’मध्ये सांगितले.

ग्राहकाचा आयपी पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’मध्ये जातो. याचे प्रमाणित रूप ‘फॉरवर्डेड’ नावाने २०१४ च्या आरएफसी ७२३९ या इंटरनेट-मानकामध्ये दिलेले आहे, पण व्यवहारात जुनेच अधिक चालते. हे हेडर आम्ही प्रथम विसरलो होतो. जुन्या प्रणालीत असा नियम होता की एकाच पत्त्यावरून पाच वेळा पासवर्ड चुकला की तो पत्ता पंधरा मिनिटे बंद. आता सगळ्या विनंत्या महाप्याच्या एकाच पत्त्यावरून येत होत्या. एका गाळ्यावरच्या दिवाणजींनी पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला आणि पहाटेच्या ऐन गर्दीत आमचे सगळे गाळे बाहेर राहिले. फोनवर जे ऐकावे लागले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

त्यानंतर आम्ही हेडर जोडले खरे, पण त्याचीही दुसरी बाजू आहे. हे हेडर कोणीही स्वतःच्या हाताने लिहून पाठवू शकतो. म्हणून आलेल्या यादीच्या शेवटी आपल्याला प्रत्यक्ष दिसलेला पत्ता जोडावा, मागच्या सर्व्हरने उजवीकडून मोजून आपल्या पुढच्या सर्व्हरने लिहिलेल्या नोंदीवरच विश्वास ठेवावा, आणि मागच्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये केवळ पुढच्या सर्व्हरला प्रवेश द्यावा. शेवटची गोष्ट केली नाही तर पहिल्या दोन निरर्थक ठरतात.

परतीचा प्रवास

स्थितीचा क्रमांक आला तोच द्यावा. ॲक्सिओससारखी विनंत्या पाठवणारी लायब्ररी २०० च्या घरात नसलेले प्रत्येक उत्तर ही त्रुटी मानून फेकते; तिला तसे न करण्यास सांगावे लागते, नाहीतर मागच्या सर्व्हरचा साधा ४०४ आपल्याकडून ५०० बनून बाहेर पडतो. त्याचप्रमाणे रीडायरेक्ट आपण होऊन अनुसरण्याची लायब्ररीची सवय बंद करावी, कारण रीडायरेक्टचे उत्तर ब्राउझरसाठी असते, आपल्यासाठी नव्हे. त्यातील ‘लोकेशन’मध्ये मागच्या सर्व्हरचे अंतर्गत नाव असेल तर तेवढे मात्र बदलावे.

कुकीच्या बाबतीत दोन गोष्टी. ‘सेट-कुकी’ हे हेडर एका उत्तरात अनेकदा येऊ शकते आणि ते इतर हेडरांप्रमाणे स्वल्पविरामाने एकत्र करता येत नाही, कारण कुकीच्या मुदतीच्या तारखेतच स्वल्पविराम असतो. नोडमध्ये त्यासाठी ‘गेट-सेट-कुकी’ ही वेगळी पद्धत आहे. दुसरे म्हणजे कुकीत मागच्या सर्व्हरचे डोमेन लिहिलेले असेल तर ब्राउझर ती कुकी मुकाट्याने टाकून देतो आणि वापरकर्ता प्रत्येक पानावर पुन्हा लॉगिन करत राहतो.

संपीडनाचा दोष चमत्कारिक आहे. मागचा सर्व्हर जीझिपने आवळलेला मजकूर पाठवतो, नोडचे फेच तो आपल्यासाठी उलगडून देते, परंतु ‘कंटेंट-एन्कोडिंग’ हेडर तसेच ठेवते. ते हेडर पुढे गेले की ब्राउझर उलगडलेला मजकूर पुन्हा उलगडू पाहतो आणि पान कोरे राहते. एकतर ‘कंटेंट-एन्कोडिंग’ व ‘कंटेंट-लेंग्थ’ ही दोन्ही हेडरे उत्तरातून काढावीत, किंवा जी मजकुराला हात लावत नाही अशी खालच्या स्तराची एचटीटीपी लायब्ररी वापरावी. आम्ही दुसरा मार्ग घेतला.

वापरकर्त्याने मध्येच पान बंद केले तर मागची विनंतीही रद्द करावी. नाहीतर कोणीही वाचणार नाही असा वर्षभराचा अहवाल मागचा सर्व्हर इमानाने तयार करत राहतो. वेबसॉकेटसाठी (सतत उघड्या राहणाऱ्या दुतर्फा जोडणीसाठी) ‘अपग्रेड’ आणि १०१ या उत्तराची स्वतंत्र हाताळणी लागते. आम्हाला तिची गरज पडली नाही, आणि ज्यांना पडेल त्यांनी ती तयार लायब्ररीवर सोपवावी.

उशीर आणि बिघाड

मागचा सर्व्हर मिळालाच नाही किंवा त्याने अर्धवट उत्तर देऊन जोडणी तोडली तर ५०२ द्यावे. तो वेळेत बोलला नाही तर ५०४. हा भेद पाळला की नोंदवहीवरूनच कळते की यंत्र बंद होते की मंद होते. जोडणी जुळण्याची मुदत लहान ठेवावी, दोन-तीन सेकंद पुरतात. उत्तराची मुदत कामाप्रमाणे ठेवावी, पण ती बाहेरच्या मुदतीपेक्षा कमी असली पाहिजे. बाहेर एनजिनएक्स साठ सेकंद थांबत असेल तर आपला कोड पन्नास सेकंदांतच थांबावा, म्हणजे त्रुटीचा संदेश आपल्या हातात राहतो.

मुदत संपल्यावर पुन्हा प्रयत्न करण्याचा मोह फार मोठा असतो. गेट, हेड, पुट आणि डिलीट या पद्धती पुन्हा केल्या तरी परिणाम एकदाच होतो असे एचटीटीपीचे नियम मानतात. पोस्टबाबत तसे आश्वासन नाही. मुदत संपली याचा अर्थ काम झाले नाही असा होत नाही, केवळ उत्तर पोहोचले नाही असा होतो. आमच्या कोडने सुरुवातीला पोस्टही पुन्हा पाठवली आणि एका पहाटे काही शेतकऱ्यांच्या नावे दोन-दोन हिशोबपट्ट्या निघाल्या. त्या दिवसापासून ब्राउझर प्रत्येक पट्टीसोबत एक अद्वितीय क्रमांक पाठवतो, आणि तो क्रमांक आधी नोंदलेला असेल तर मागचा सर्व्हर नवी पट्टी न करता जुनीच परत देतो. असा क्रमांक नसेल तर पोस्ट पुन्हा पाठवू नये.

एक बिघाड मात्र आम्हाला कित्येक दिवस उलगडला नाही. पहाटेच्या गर्दीत सर्व काही ठीक चाले आणि दुपारी, बाजार थंडावल्यावर, अधूनमधून ५०२ येई. भार वाढल्यावर बिघाड होतो हे समजण्यासारखे होते. भार कमी झाल्यावर का? कारण असे की प्रत्येक वेळी नवी जोडणी करणे महाग असल्याने आपला कोड जुन्या जोडण्या उघड्या ठेवून पुन्हा वापरतो. आमच्या कोडमध्ये रिकामी जोडणी साठ सेकंद ठेवली होती, तर मागे टॉमकॅट हा जावाचा सर्व्हर होता आणि त्याच्यासोबत येणाऱ्या सेटिंग फाइलमध्ये ही मुदत वीस सेकंदांची असते. मागचा सर्व्हर जोडणी बंद करतो, ती बातमी पोहोचण्याच्या आत आपण तीवर विनंती टाकतो, आणि ती आपटते. गर्दीत कोणतीही जोडणी वीस सेकंद रिकामी राहतच नसे, म्हणून पहाटे दोष दिसत नसे. पुढच्या सर्व्हरची मुदत मागच्यापेक्षा काही सेकंद कमी ठेवली की हा प्रकार जवळपास थांबतो. मागे नोड असेल तर त्याच्या सर्व्हरची मूळ मुदत अनेक आवृत्त्यांत फक्त पाच सेकंदांची आहे, त्यामुळे तेथे अधिक सावध राहावे.

तपासणी आणि निरोप

तीच विनंती एकदा थेट मागच्या सर्व्हरला आणि एकदा पुढच्यामार्फत कर्ल या आज्ञा-साधनाने पाठवून दोन्ही उत्तरांची हेडरे शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. माझ्या अनुभवात अर्धे दोष येथेच सापडतात. मग मराठी शब्दाचा शोध, मोठा फोटो, रिकामी पोस्ट, दोन कुकी देणारे लॉगिन आणि रीडायरेक्ट हे प्रकार करून पाहावेत. त्यानंतर मागचा सर्व्हर मुद्दाम बंद करावा, आणि मुद्दाम मंदही करावा. प्रत्येक विनंतीला एक ओळख-क्रमांक देऊन तो दोन्ही सर्व्हरांच्या नोंदीत लिहावा, अन्यथा दोन नोंदवह्यांचा मेळ बसत नाही.

त्याच नोंदींवरून कोणता मार्ग अजून मागे जातो हे मोजावे, आणि ज्याचा आकडा शून्यावर आला त्याचा नियम कोडमधून काढून टाकावा. मात्र महिनाभर शून्य दिसले म्हणून घाई करू नये, कारण काही पाने वर्षातून एकदाच उघडली जातात. आमच्या यादीत शेवटी ३१ मार्चच्या ताळेबंदाचा एकच मार्ग उरला होता. वागळे इस्टेटच्या खोलीतला तो सर्व्हर आम्ही एप्रिल उजाडल्यावरच बंद केला.